पेटीतला संसार

बँकेत बावीस वर्षं काउंटरमागे काढल्यामुळे जगातल्या यच्चयावत वस्तूंचे मी दोनच भाग करतो: स्थावर आणि जंगम. आमच्या मेहुण्याने, म्हणजे बंडूने, जी वस्तू खरेदी केली ती मात्र दोन्हीकडे बसेना. पेणकरपाड्यातल्या सासऱ्यांच्या परसात एका रात्री क्रेनने वीस फुटी, निळा, जागोजागी गंजलेला कंटेनर उतरवला आणि सकाळी बंडू मला म्हणाला, "भाऊजी, हे माझं घर. तुमच्या बँकेत कर्ज मिळेल का?" आमच्या साहेबांनी फोटो पाहून एवढंच विचारलं, की याची चाकं कुठे गेली?

बंडूचं लग्न मे महिन्यात. घरात खोल्या दोन, माणसं पाच. मुलीकडच्यांची अट एकच, पण सरळ: पोरीला स्वतःची खोली हवी. फ्लॅटचे भाव ऐकून आलेला बंडू दोन दिवस कुणाशी बोलला नव्हता. तेव्हा थट्टा पुरे.

त्या रविवारी खिडकी कापायची होती. वाणिज्य शाखेच्या पदवीधराचा बांधकामात उपयोग शून्य, म्हणून मला वही देऊन हिशेबाला बसवलं. वेल्डर दहाचा सांगून साडेबाराला आला. तेवढ्या वेळात या पेटीचा इतिहास सांगून टाकतो, कारण तिचा जन्मच मुळी ताटकळण्यातून झाला.

माल्कम मॅक्लीन नावाचा एक अमेरिकन ट्रकवाला 1937 साली कापसाचे गठ्ठे घेऊन होबोकेनच्या धक्क्यावर दिवसभर खोळंबला. हमाल एकेक गठ्ठा उतरवून जहाजात चढवताहेत हे पाहून त्याच्या मनात आलं, की अख्खा ट्रकच उचलून ठेवला तर? निदान पुढे तो तसं सांगे. आमच्या दहिसर नाक्यावर 2017 साली जकात जाईपर्यंत ट्रकवाल्यांनी वर्षानुवर्षं रांगा लावल्या, पण त्यातून चहाच्या टपऱ्यांपलीकडे काही निपजलं नाही. मॅक्लीनने मात्र 26 एप्रिल 1956 रोजी 'आयडियल एक्स' नावाच्या जुन्या तेलवाहू जहाजावर 58 पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला धाडल्या. माल चढवण्याचा खर्च टनामागे जवळजवळ सहा डॉलरवरून सोळा सेंटांवर आला. असला ताळेबंद पाहिला की माझ्यासारख्याचे हात आपोआप जुळतात. आपल्याकडे न्हावाशेवा बंदर 1989 साली सुरू झालं, आणि त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत फिलिप क्लार्क नावाच्या गृहस्थाला कंटेनरचं राहतं घर करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. म्हणजे बंडू फार उशिरा जागा झालेला नाही.

तेवढ्यात वेल्डर आला. खडूने चार बाय तीनची चौकट आखून त्याने बंडूला दम भरला, "कोने को हाथ नहीं लगाने का, सेठ." या पेटीचा सगळा भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर. बोटीवर एकावर एक सात-आठ पेट्या रचतात त्या खांबावर खांब ठेवून. बाजूचा पत्रा नागमोडी असतो तो ताठ राहावा म्हणून. त्याला भोक पाडलं की तो लेचापेचा होतो. म्हणून आधी लोखंडी चौकट जोडायची, मग पत्रा कापायचा. ग्राइंडर सुरू झाला आणि पेणकरपाड्यातली सगळी कुत्री आमच्या विरोधात गेली. आत उन्हाने अशी भट्टी झाली होती, की सासूबाईंनी पापड वाळत घालायला परवानगी मागितली. पत्र्याच्या आतून पफ बसवल्यावर गारवा येईल, असं बंडूचं म्हणणं.

मी मापं घेतली. बाहेरून वीस गुणिले आठ, 160 चौरस फूट. आतून जेमतेम 149. बिल्ट-अप आणि कार्पेट हा भेद बिल्डरांनी काढला असं मी समजत होतो!

"एकशेसाठ?" माझी आई खुर्चीतून म्हणाली. "म्हणजे आपली खोलीच की!"

खरंच. नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची खोली बरोबर 160 फुटांची होती. गव्हर्नर लॉईडसाहेबांच्या अमदानीत, 1920 साली काढलेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला अशा 207 चाळी उभ्या केल्या. चाळीला 80 खोल्या. आमच्या खोलीत आम्ही सातजण, शिवाय गावाहून आलेले.

आई उठली, कंटेनरच्या पत्र्यावर हात ठेवून उभी राहिली. "ही ह्यांच्या गोदीत आली होती. आली आणि पाठीवरची पोती गेली. ह्यांना वाटलं, सुटलो. मग पोत्यांबरोबर पाळीही गेली." बाबा घरी बसले ते दिवस मला आठवतात. मी तेव्हा शाळेत होतो, आणि ते दिवसभर घरात का असतात हे विचारायचं नाही, एवढं मला कळत होतं.

सासरे चपापले. "विहीणबाई, मग ही नकोच म्हणता का?"

"छे हो! आता राबू दे की हिला आपल्यासाठी." आईने आत डोकावून चौफेर पाहिलं. "पण पॅसेज कुठाय?"

"आई, एका खोलीला पॅसेज कशाला?"

"सातजण राहिलो ते काय खोलीत? अर्धा संसार पॅसेजमध्ये होता. पोरगी दार उघडून बसेल कुठे? भाजी निवडेल कुठे?"

एवढ्यात खिडकीचा पत्रा धाडकन खाली पडला. बंडूने भंगाराचा भाव विचारायला फोन काढला, तर आईने तो खाली ठेवायला लावला. हा पत्रा दारावर छपरासारखा जोडा, खाली चार लाद्या टाका, असा हुकूम झाला. वेल्डरने आठशे जादा सांगितले. 'पॅसेज: रु. 800' असं मी वहीत लिहीपर्यंत आईने प्लास्टिकची खुर्ची दाराशी ओढून पलीकडच्या अंगणातल्या, जन्मात न पाहिलेल्या बाईला हाकही मारली होती.