ब्रेनचं मॅगझिन वाकडं का?

दुसऱ्या महायुद्धावरचा एखादा शूटर गेम तुम्ही खेळला असाल, निदान धाकट्या भावाच्या खांद्यावरून पाहिला तरी असेल. ब्रिटिश बाजूने खेळताना एक लाइट मशीनगन हाती येते. तिचं मॅगझिन वरून लावलेलं असतं आणि केळ्यासारखं पुढे वाकलेलं असतं. हीच ब्रेन. ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या २००३ मधल्या पहिल्या गेमपासून ती दिसते. समजा, तुम्हाला गेम आणि युद्धाचा इतिहास असा विषय घ्यायचाय आणि गाइडनी विचारलं, “गेममधली ब्रेन अचूक आहे का?” तर लगेच हो-नाही म्हणू नका. आधी स्वतःला विचारा, कुठली ब्रेन? कुठल्या वर्षातली?

ब्रेनचं मूळ इंग्लंडमध्ये नाही, चेकोस्लोव्हाकियात आहे. ब्रनो शहरात व्हात्स्लाव्ह होलेक यांनी झेडबी २६ ही गन तयार केली. तिचं मॅगझिनही वरच होतं, पण सरळ आणि २० गोळ्यांचं. ब्रिटिशांना ती आवडली, मात्र त्यांचं काडतूस वेगळं होतं. चेक गनमधल्या ७.९२ मिमी काडतुसाचं बूड बाकीच्या अंगाबरोबर असतं. ब्रिटिशांच्या .३०३ काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. अशी काडतुसं एकावर एक रचून बघा. कडेमुळे प्रत्येक काडतूस थोडं तिरकं बसतं आणि थप्पी आपोआप वाकते. म्हणून मॅगझिन वाकडं! गन एनफिल्डच्या कारखान्यात बनू लागली आणि ब्रनोचं ‘ब्र’ व एनफिल्डचं ‘एन’ मिळून नाव पडलं ब्रेन.

एवढ्यावर ‘वाकडं मॅगझिन म्हणजे ब्रेन, सरळ म्हणजे झेडबी’ असा नियम करून मोकळे झालात तर फसाल. महायुद्धाच्या काळातच कॅनडात टोरांटोच्या इंग्लिस कारखान्याने चीनसाठी ७.९२ मिमीच्या ब्रेन बनवल्या, आणि त्यांचं मॅगझिन सरळ आहे. युद्धानंतर ब्रिटिशांनी ब्रेन ७.६२ मिमीमध्ये बदलून घेतली, ती एल४. तिच्या मॅगझिनला अगदी किंचित बाक आहे. आपल्या लष्कराची ७.६२ मिमी एलएमजी १बी, जी कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनली, ती याच घराण्यातली. म्हणजे मॅगझिनचा आकार तुम्हाला आधी काडतूस सांगतो. गन कुठली, ते नंतर ठरवायचं.

आता वर्षाकडे या. सुरुवातीच्या मार्क १ ब्रेनवर मागच्या बाजूची साइट ड्रमची होती. डावीकडे एक गोल चकती, ती फिरवून अंतर लावायचं. सुबक काम, पण करायला वेळखाऊ. १९४० मध्ये डंकर्कहून सैन्य परतलं तेव्हा हजारो ब्रेन फ्रान्समध्येच राहिल्या. त्या भराभर भरून काढायच्या तर गन सोपी करणं भाग होतं. १९४१ च्या मार्क २ मध्ये ड्रम गेला आणि उभी करायची साधी पट्टीची साइट आली. त्यामुळे डंकर्कच्या प्रसंगात गेमने पट्टीची साइट असलेली ब्रेन दाखवली, तर तिचं मॉडेल कितीही देखणं असो, ती एक वर्ष लवकर आलेली आहे. असली चूक सापडली की मजा येते, मान्य. लीड्सच्या रॉयल आर्मरीजचे जोनाथन फर्ग्युसन व्हिडिओंमध्ये गेममधल्या बंदुका अशाच तपासतात, ते जरूर बघा. फक्त ही चूक पकडणं म्हणजे प्रबंध नव्हे.

तसंच ३० गोळ्यांचं. गेम पूर्ण ३० देतो. प्रत्यक्षात मॅगझिन ३० चं असलं तरी सैनिक सहसा २८ भरत, कारण ठासून भरलं की गोळी अडकण्याची भीती. माझ्या मते ही बाब तळटीपेपुरती आहे.

खरा फरक पडतो माणसांमध्ये. गेममध्ये ब्रेन एकट्याची असते. तुम्ही धावता, झाडता, आर दाबून मॅगझिन बदलता. प्रत्यक्षात ती दोघांची गन होती. नंबर एक झाडायचा. नंबर दोन शेजारी पडून मॅगझिन बदलायचा, जादा बॅरल सांभाळायचा. जलद मारा म्हणजे मिनिटाला साधारण चार मॅगझिन, आणि दहाएक मॅगझिननंतर तापलेली बॅरल बदलायची. एवढी मॅगझिन दोघं कुठून आणणार? पूर्ण सेक्शन ती वाहायचा. पुरावा हवा असेल तर बंदुकीकडे नव्हे, पाऊचकडे बघा. १९३७ च्या पद्धतीच्या पट्ट्यावरचे पाऊच ब्रेनची मॅगझिन मावतील अशा मापाचे शिवले होते, आणि ते रायफलवाल्यांच्याही छातीवर असत. ‘रेड ऑर्केस्ट्रा’ने जर्मन मशीनगनची बॅरल बदलायला लावून या बाजूला एक पाऊल टाकलं, पण बहुतेक गेम नंबर दोनला गाळूनच टाकतात.

एकट्या वीराची ही सवय फक्त गेमची नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या इटलीतल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मशीनगनच्या मोर्च्यावर ते एकटे धावून गेले, हे आपण सांगतो. पण एकटे का? कारण त्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले होते. सन्मानपत्रातच तसं नोंदलेलं आहे. आपणच वाचताना ते वाक्य ओलांडून पुढे जातो.

शेवटी भारतीय सैन्याचे फोटो, कारण तुमच्यापैकी काहीजण तिकडेच वळणार. वाकडं, वरून लावलेलं मॅगझिन दिसलं की हात लगेच ‘ब्रेन’ असं लिहायला जातो. पण भारताने १९३३ मध्ये विकर्स-बर्थिए स्वीकारली होती. ती ईशापूरला बनायची, काडतूस .३०३ च, म्हणून मॅगझिन तसंच वाकडं. युद्धाच्या सुरुवातीला भारतीय पलटणींकडे तीच होती, ब्रेन मागाहून आली. तेव्हा १९४० मधल्या भारतीय जवानाच्या हातात गेमने बिनदिक्कत ब्रेन दिली असेल तर तिथे थांबा. फोटोत डावीकडे ड्रमची चकती दिसली तर ती मार्क १ ब्रेन. नाही दिसली तर घाईने विकर्स-बर्थिए लिहू नका, मार्क २ असू शकते. मग फोटोची तारीख शोधा. १९४१ च्या आधीची निघाली तर मार्क २ बाद.