नित्यवाचन (पोथीचा नेम)

नित्यवाचन : धर्मग्रंथ दररोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाने वाचत जाण्याचा परिपाठ. बोलीत याला ‘नेम’ म्हणतात. ‘त्यांचा दासबोधाचा नेम आहे’ एवढे सांगितले की पुरते. पारायण हा शब्दही पुष्कळदा याच अर्थाने वापरतात, पण तो सैलपणा होय. पारायणाला संकल्प असतो, दिवस मोजलेले असतात, समाप्तीला नैवेद्य असतो. नेमाला शेवटचा दिवस नसतो. सप्ताहात सात दिवस पहाटे उठणारा माणूस आठव्या दिवशी पोथी बासनात बांधतो आणि ती पुढच्या वर्षीच सुटते, हे घरोघरी दिसते.

नेम श्रद्धेच्या बळावर टिकतो, असे समजतात. तो बराचसा ग्रंथाच्या मापावर टिकतो. या दृष्टीने दासबोधाइतका सोयीचा ग्रंथ मराठीत नाही. 20 दशक, प्रत्येकात 10 समास, असे 200 समास आणि 7,751 ओव्या. म्हणजे समासाला सरासरी 39 ओव्या. चहा उकळून थंड होईपर्यंत एक समास मोठ्याने वाचून होतो आणि त्यात एक विषय पुरा होतो. रोज एक या हिशेबाने सात महिन्यांच्या आत ग्रंथ संपतो. रामदासांनी ही वाटणी रोजच्या वाचकासाठीच केली असे म्हणण्याला आधार नाही, पण वाचकाने तिचा फायदा घेतला आहे.

ज्ञानेश्वरीचे तसे नाही. 1290 साली सिद्ध झालेल्या या ग्रंथाचे अध्याय गीतेप्रमाणे 18, पण आकाराने अगदी विषम. पाचवा अध्याय दोनशे ओव्यांच्याही आत आटोपतो, तेरावा अकराशेच्या पुढे जातो आणि अठरावा एकटाच अठराशेंच्या घरात, म्हणजे सगळ्या ग्रंथाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. ‘रोज एक अध्याय’ असे ठरवणारा नवखा वाचक पहिला आठवडा खुशीत काढतो आणि तेराव्या दिवशी अडतो. जाणते लोक म्हणून अध्याय न मोजता ओव्या मोजतात. प्रतीप्रमाणे संख्या थोडी बदलते. ती नऊ हजार धरली, तर रोज 25 ओव्यांनी वर्षभरात ग्रंथ पुरा होतो. थांबलो तिथे दोरा, मोरपीस किंवा तुळशीचे वाळलेले पान ठेवतात.

गुरुचरित्राच्या सप्ताहाची वाटणी पाहिली तरी हेच दिसते. 53 अध्यायांच्या प्रतीत पहिल्या दिवशी नऊ अध्याय आणि पाचव्या दिवशी तीनच (36 ते 38), कारण आचारधर्म सांगणारा छत्तिसावा अध्याय फार लांब आहे. रोजच्या नेमासाठी लोकांनी याहून सोपी तोड काढली : सबंध पोथीऐवजी चौदावा किंवा अठरावा अध्याय. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय आणि गीतेचा अवघ्या 20 श्लोकांचा पंधरावा अध्याय हेही असेच सुटे होऊन घराघरांत रुळले. वारकऱ्यांचा हरिपाठ तर मुळातच रोज म्हणायचा. तो सांजेला, टाळांवर आणि बहुधा पाठ असतो. त्याला वाचन म्हणावे का, हा प्रश्न कोशकाराला पडतो, वारकऱ्याला नाही.

नेम एकट्याचाच असतो असेही नाही. चातुर्मासात गावच्या देवळात श्रीधरांचे हरिविजय, रामविजय किंवा पांडवप्रताप लागे. एकजण वाची, दुसरा अर्थ सांगे, बाकीचे ऐकत. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांचाही ग्रंथ अशा रीतीने वर्षानुवर्षे होत राहिला. पोथी मोठ्यानेच वाचायची. मनातल्या मनात वाचणे ही छापील पुस्तकाबरोबर फैलावलेली सवय. या श्रवणाचे महत्त्व फादर थॉमस स्टीफन्स यांनी नेमके हेरले होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुन्या पुराणांच्या जागी ऐकायला काही हवे म्हणून त्यांनी ओवीबद्ध मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले (1616). गोव्यातल्या चर्चांत ते वाचले जाई. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, त्यामागेही साध्या बायकांना स्वतः वाचता यावे ही इच्छा होती.

मापाची युक्ती इतर धर्मांतही आहे. कुराणाचे 30 सारखे भाग रमजानच्या दिवसांशी जुळतात. शिखांचा रोजचा पाठ ‘नितनेम’ म्हणूनच ओळखला जातो.

खंड पडला तर काय, यावर प्रत्येक घराचे उत्तर वेगळे. सुतकात पोथीला हात लावत नाहीत. प्रवासात किंवा आजारपणात घरातले दुसरे कोणी तेवढे वाचून ठेवते. राहिलेले दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरून काढायची पद्धतही आहे, पण ती घातक. दोन दिवसांची थकबाकी फिटते, आठ दिवसांची फिटत नाही, आणि मग पोथीकडे बघायचीच लाज वाटू लागते. त्यापेक्षा दोरा जिथे असेल तिथून पुढे चालू करणारे बरे. काही घरांत ग्रंथ संपतो त्याच बैठकीत पहिल्या अध्यायाच्या चार-पाच ओव्या वाचून मगच पोथी मिटतात.