पावतीपुस्तकावर उभं राहिलेलं देवबंद

१८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातल्या मदरशांचा आश्रयच तुटला. तोवर नवाब-जहागीरदारांच्या देणग्यांवर विद्वानांची घरं चालत आणि त्या घरांतच शिकवणी होई. लखनौच्या फिरंगी महलात पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं होतं. मुल्ला निजामुद्दीनांनी अठराव्या शतकात घालून दिलेला ‘दर्स-ए-निजामी’ हा अभ्यासक्रम तिथलाच.

मे १८६६ मध्ये सहारनपूर जिल्ह्यातल्या देवबंद गावी, छत्ता मशिदीतल्या डाळिंबाच्या झाडाखाली दारुल उलूम सुरू झालं. शिक्षक मुल्ला महमूद, पहिला विद्यार्थी महमूद हसन. हाजी आबिद हुसेन, मौलाना कासिम नानौतवी ही मंडळी पाठीशी होती. नानौतवींचे गुरू ममलूक अली इंग्रजांच्या देखरेखीखालच्या दिल्ली कॉलेजात शिकवत. त्यामुळे पुस्तकं जुनी राहिली तरी ठरलेले वर्ग, पगारी शिक्षक, वार्षिक परीक्षा, ग्रंथालय हा थाट नव्या कॉलेजांचा आला.

मला विशेष वाटतो तो पैशाचा विचार. नानौतवींनी संस्थेला आठ सूत्रं घालून दिली. जहागीर, कारखाना, व्यापार असं हमखास उत्पन्न हाती आलं की अल्लाहवरचा भरवसा सुटतो आणि माणसं आपसांत भांडू लागतात, असं त्यांनी त्यात बजावलं; सरकार आणि धनिकांचा शिरकावही घातकच मानला. मग उरला लोकांचा चंदा. वार्षिक अहवालात देणगीदारांची नावं छापली जात. त्यात छोट्या रकमा देणारे असत, पुस्तकं आणि धान्य देणारे असत, काही हिंदू नावंही असत. गरिबाच्या पोराला शिक्षण, राहणं, जेवण फुकट मिळे, ते या पैशातून. सरकारी अनुदान आजही घेत नाहीत.

शेवटचं वर्ष ‘दौरा-ए-हदीस’चं, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या अभ्यासाचं. विद्यार्थी बुटक्या लांब बाकांपुढे जमिनीवर मांडी घालून बसतात. एक जण बुखारीच्या हदीससंग्रहाचा अरबी मजकूर मोठ्याने वाचतो, उस्ताद मध्येच थांबवून उर्दूत उकल करतात, मग वाचन पुढे सरकतं. इथून निघालेले मौलवी गावोगावच्या मशिदी आणि मकतबांत, म्हणजे लहान मुलांच्या धार्मिक शाळांत गेले. सामान्य मुसलमानाचा देवबंदशी संबंध येतो तो त्यांच्यामार्फत. पूर्णवेळ मदरशात जाणारी मुलं मात्र फार थोडी. सच्चर समितीने २००६ मध्ये शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांत हे प्रमाण सुमारे ३ टक्केच असल्याचं नोंदवलं. सगळ्या समाजाच्या मागासलेपणाचं खापर मदरशांवर फोडणाऱ्यांनी हा आकडा बघावा. देवबंदमध्ये मुलींना प्रवेश नाही, हे दुखणं मात्र संस्थेचं स्वतःचंच.

तो पहिला विद्यार्थी महमूद हसन पुढे ‘शेखुल हिंद’ या उपाधीने ओळखला गेला. इंग्रजांनी त्याला माल्टात कैदेत ठेवलं, सुटका १९२० साली. त्याचे शिष्य हुसेन अहमद मदनी फाळणीच्या विरोधात उभे राहिले. आणि नानौतवींना ज्या भांडणाची धास्ती होती ते पुढे झालंच. मार्च १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या उपस्थितीत शतसांवत्सरिक सोहळा झाला. दोन वर्षांत संस्था दुभंगली. नानौतवींचेच नातू कारी तय्यब यांचा गट बाहेर पडला आणि ‘दारुल उलूम वक्फ’ निघालं.

महाराष्ट्राचा धागा २०११ चा. अक्कलकुव्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी, मदरशासोबत अभियांत्रिकी आणि फार्मसीची कॉलेजं काढणारे मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी जानेवारीत देवबंदचे मोहतमिम, म्हणजे प्रमुख झाले. गुजरातच्या विकासाबद्दलच्या त्यांच्या विधानावर गदारोळ उठला आणि जुलैत शूराने, म्हणजे संस्थेच्या नियामक मंडळाने, त्यांना पायउतार केलं. वाद गुजरातवरून पेटला हे खरं, पण माझ्या मते बाहेरून आलेल्या माणसाला खुर्ची देणंच अनेकांना जड गेलं. ते अक्कलकुव्याला परतले, कॉलेजं वाढवत राहिले. २०२५ मध्ये वारले. देवबंदमध्येही इंग्रजी आणि संगणकाचे वर्ग आहेत, पण फाजिल ही पदवी मिळाल्यानंतरचे, मूळ अभ्यासक्रमाला धक्का न लावता.