जखमी शिपायाचा पगार: झाशी स्थानकावरचे दोन हिशेब

झाशी स्थानकावर (पाटीवर आता ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’) खाकीतली दोन दले वावरतात. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे; जीआरपी म्हणजे लोहमार्ग पोलीस, ही उत्तर प्रदेश पोलिसांची शाखा. चोराच्या मागे धावताना दोन्हीकडचा एकेक शिपाई रुळांवर पडला आणि दोघांचाही पाय मोडला, असे समजू. हाड जुळायला काळ सारखाच लागेल, पगाराचे नियम मात्र वेगळे.

सुरक्षा दलाच्या शिपायाला सातव्या वेतन आयोगानंतर आलेली, कामामुळे झालेल्या इजेची रजा मिळते. इस्पितळात असेपर्यंत पूर्ण वेतन व भत्ते, घरी आल्यावर सहा महिने तेच, पुढे 12 महिने निव्वळ अर्धे वेतन. जीआरपीचा शिपाई राज्याच्या मूलभूत नियम 83 आणि 83-क यांच्या हवाली. ही चौकट 1922 ची. रजा जास्तीत जास्त 24 महिने. त्यांतले पहिले चार महिने पूर्ण वेतन, उरलेले अर्धे. शिवाय कोणी जाणूनबुजून केलेली इजा 83 खाली येते, कर्तव्यावरचा अपघात 83-क खाली. म्हणजे चोराने ढकलले की पाय घसरला, हा कीस आधी पाडायचा!

राज्याच्या या नियमांची खरी मेख पुराव्यात आहे. अपंगत्व घटनेपासून तीन महिन्यांत दिसले पाहिजे आणि शिपायाने ते वेळीच कळवले पाहिजे. ठाण्याच्या रोजनाम्यात ‘रवानगी’ची नोंद असेल तर तो कर्तव्यावर होता हे सिद्ध करणे सोपे. घाईत नोंद न करताच धावलेल्याला ते जड जाते. आधी वही, मग चोर, असा धडा नियम नकळत देतो.

जखमेचे मोल देणे आणि पगार चालू ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अफझलखान प्रकरणानंतर शिवाजी महाराजांनी जखम पाहून 25 ते 200 होन दिले आणि पडलेल्यांच्या निपुत्रिक विधवांना अर्धे वेतन चालू केले, असे बखरकार सभासद सांगतो. होन एकदाच मिळतात. घर वेतनावर चालते. आजची सानुग्रह मदतही होनांच्याच जातीची.

पण रजा संपल्यावर पाय पूर्ववत झालाच नाही तर? इथे रजेचे नियम थांबतात आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 20(4) सुरू होते. सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही. जमेल ते काम त्याच वेतनश्रेणीत द्यायचे. तसे पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येहून जादा, पद निर्माण करून त्यावर ठेवायचे. 1995 च्या जुन्या कायद्यात हेच कलम 47 होते. त्याच्याच आधारे, कर्तव्यावर इजा होऊन पाय गमावलेल्या व सेवेतून काढलेल्या कुणाल सिंग या शिपायाला सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये न्याय दिला.

मात्र 18 ऑगस्ट 2021 च्या अधिसूचनेने केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची लढाऊ पदे कलम 20 मधून वगळली. मला ही रचना उफराटी वाटते. या दलांपैकी सीआरपीएफच्या शिपायाला इजेच्या रजेत पूर्ण वेतन व भत्ते, तेही मुदतीच्या मर्यादेविना. नोकरी टिकवणाऱ्या कलमाचे कवच मात्र नाही. जीआरपीच्या शिपायाचा पूर्ण पगार चार महिन्यांत संपतो, पण राज्याने तशी सूट अधिसूचित केली नसेल तर कलम 20 त्याच्या पाठीशी उभे राहते. त्यामुळे चोविसाव्या महिन्यात त्याने वकिलाकडे नेण्याचा कागद रजेच्या अर्जाचा नव्हे, वैद्यकीय मंडळाच्या अपंगत्व प्रमाणपत्राचा.