माशी, खाच आणि कानस : पिस्तुलाचा नेम सुधारण्याचा इतिहास

१/ नेमबाजाचा हात स्थिर आहे, नजर तीक्ष्ण आहे; तरीही सर्व गोळ्या लक्ष्याच्या मध्यापासून वीतभर वर, एकाच जागी लागतात. अशा वेळी दोष बहुधा शस्त्रावरील दोन चिमुकल्या भागांत असतो : नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच. हा दोष दूर करण्याचा अधिकार नेमबाजाच्या हाती कसा आला, त्याची ही कथा.

२/ सॅम्युएल कोल्ट यांच्या १८५१ च्या 'नेव्ही' रिव्हॉल्व्हरमध्ये मागची खाच चक्क हातोडीवर, म्हणजे हॅमरवर, कोरलेली होती. हातोडी मागे ओढली तरच ती डोळ्यांसमोर येई. जवळच्या अंतरावर या शस्त्राची गोळी सहसा वर जाई. त्यावर उपाय एकच : नेम खाली धरणे.

३/ १८७३ मध्ये अमेरिकी सैन्याने कोल्टचे 'सिंगल अ‍ॅक्शन आर्मी' स्वीकारले. त्यात खाच हातोडीवरून सांगाड्याच्या माथ्यावर आली. ती भक्कम झाली, पण अचल राहिली. बदल करायचा तर पुढच्या माशीतच.

४/ येथे एक उलटा वाटणारा नियम लागू होतो. गोळी वर न्यायची असेल तर माशीची उंची कमी करावी लागते. कारण ठेंगणी माशी खाचेच्या पातळीत आणताना नळीचे तोंड आपोआप उचलले जाते. मागची खाच मात्र गोळी जिकडे न्यायची, तिकडेच सरकवायची.

५/ किती घासायचे? दोन्ही भागांत १५० मिलिमीटर अंतर असेल आणि २५ मीटरवर गोळी १० सेंटिमीटर चुकत असेल, तर दुरुस्ती अवघी ०.६ मिलिमीटर! कानशीचे मोजके हात. एक हात जास्त फिरला, की घासलेले लोखंड परत येत नाही.

६/ शिवाय गोळी नळीतून सुटण्याआधीच धक्क्याने नळी उचलू लागते. संथ, जड गोळी नळीत अधिक काळ राहते, म्हणून जवळच्या लक्ष्यावर ती बहुधा वर लागते. म्हणजे एका काडतुसासाठी घासलेली माशी दुसऱ्यासाठी चुकीची ठरू शकते.

७/ १८९६ च्या सुमारास आलेल्या माउझर सी-९६ च्या अनेक नमुन्यांवर सरकती पट्टी होती. तिच्यावर १००० मीटरपर्यंतचे आकडे कोरलेले असत. ती अंतरानुसार उंची बदले. डावी-उजवी चूक मात्र तशीच राही. १९११ च्या अमेरिकी लष्करी पिस्तुलात मागची खाच आडव्या खोबणीत बसवलेली होती. ती ठोकून बाजूला सरकवता येई. उंचीसाठी पुन्हा माशीच बदलावी लागे.

८/ युद्धात एवढे पुरेसे होते, स्पर्धेत नव्हते. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पिस्तूल नेमबाजीचा समावेश होता. विसाव्या शतकात लक्ष्यवेधी पिस्तुलांवर स्क्रूने फिरणारी खाच रूढ झाली. पुढे प्रत्येक 'टिक' आवाजासरशी ती ठरावीक अंतर सरकू लागली. सर्वांत मोठा लाभ असा, की चुकले तर स्क्रू उलटा फिरवता येतो.

९/ कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. या प्रकारात आजही दुर्बिणीला परवानगी नाही. माशी आणि खाच हेच साधन.

१०/ स्क्रूला हात लावण्यापूर्वीचा नियम मात्र कानशीच्या काळापासून तोच आहे. छिद्रे विखुरलेली असतील तर आधी हात सुधारावा. ती एकवटून बाजूला पडत असतील, तरच माशी-खाचेकडे वळावे. एका गोळीवरून निर्णय करू नये.