डायमंड प्रिन्सेस
कोरोना महासाथीच्या आरंभी जपानमधील योकोहामा बंदरात विलगीकरणात ठेवलेले पर्यटक-जहाज. हाँगकाँग येथे २५ जानेवारी २०२० रोजी उतरलेला एक प्रवासी बाधित असल्याचे १ फेब्रुवारीस उघड झाले. तरीही ५ तारखेच्या सकाळपर्यंत जहाजावरील भोजनगृहे व करमणुकीचे कार्यक्रम चालूच होते. पुढे प्रवासी खोल्यांत बंदिस्त झाले. कर्मचारी मात्र त्यांना जेवण पुरवीत राहिले व सामायिक खोल्यांतच झोपत. विलगीकरणातील हा सर्वांत गंभीर दोष होय. चाचण्यांची क्षमता अपुरी असल्याने प्रथम लक्षणे असलेल्यांची व त्यांच्या निकटवर्तीयांचीच तपासणी झाली. अखेरीस ३,७११ जणांपैकी ७१२ बाधित ठरले. त्यांतील सुमारे निम्म्यांना तपासणीच्या वेळी कोणतीच लक्षणे नव्हती. म्हणजे केवळ आजारी दिसणाऱ्यांना वेगळे काढून संसर्ग थांबणारा नव्हता. १ मार्च रोजी जहाज रिकामे झाले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १४ मार्चला पर्यटक-जहाजांच्या सफरी थांबविण्याचा आदेश काढला.