गंज किती लावायचा? यामातोचं मॉडेल आणि एका दिवसाचा इतिहास

आजच्या भागात मागे मधूनमधून घुर्रघुर्र ऐकू येईल. तो एअरब्रशच्या कॉम्प्रेसरचा आवाज आहे. गेले आठ-नऊ महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर एक युद्धनौका उभी आहे आणि घरातले सगळे स्वयंपाकघरात जेवतायत. तेव्हा म्हटलं, इतका त्रास दिलाच आहे तर त्यावर एक भाग तरी करावा.

सुरुवात जरा लांबून करतो. लहानपणी आमच्या वाड्यात दिवाळीला किल्ला व्हायचा. दगड, विटा, पोती, वरून लाल मातीचा लेप, उतारावर पेरलेली मोहरी आणि बुरुजांवर बाजारातून आणलेली चित्रं. एका वर्षी आजोबा किल्ल्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सगळं झकास आहे रे, पण हा मावळा या दरवाजातून आत जाणार कसा?" मावळा दरवाजाच्या दुप्पट उंच होता! स्केल हा शब्द तेव्हा माहीत नव्हता, पण चूक कळली.

गेल्या वर्षी मी जवळपास तशीच चूक पुन्हा केली. या वेळी ती मापाची नव्हती, काळाची होती.

टेबलावरचं जहाज आहे जपानी आरमाराचं 'यामातो'. जगात आजवर बांधल्या गेलेल्या सगळ्यात जड बॅटलशिपपैकी एक. खरं जहाज २६३ मीटर लांब, पूर्ण भरल्यावर वजन सुमारे ७२,००० टन. माझं मॉडेल आहे १:३५० या प्रमाणात, म्हणजे ७५ सेंटिमीटर लांब आणि ११ सेंटिमीटर रुंद. जहाजांची बरीच मॉडेलं १:७०० मध्ये येतात, त्या मानाने हे मोठंच. तरीसुद्धा या मापात साडेपाच फूट उंचीचा माणूस पाच मिलिमीटरही भरत नाही. तांदळाचा दाणा समजा. हा दाणा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

जोडणीचं फार सांगत नाही. हलचे दोन भाग, मग डेक, मग तोफांचे बुरूज, मग तो उंचच्या उंच मनोरा. त्यानंतर पितळी पत्र्यातून कोरून काढलेले कठडे, शिड्या, रडारच्या जाळ्या. हे चिमट्यात धरून सुपरग्लूने चिकटवायचं. चिमट्यातून एक तुकडा उडाला की अर्धा तास फरशीवर रांगायचं. हे सगळं करताना मला मजा येते, हे कबूल करतो.

खरी गोष्ट सुरू होते रंगानंतर. मॉडेलवाले ज्याला वेदरिंग म्हणतात, ते काम. ऊन, पाऊस, खारं वारं, धूर, माणसांची ये-जा, या सगळ्यांनी वस्तूवर ज्या खुणा उमटतात त्या रंगाने दाखवायच्या. तेलरंग खूप पातळ करून सांधींत सोडायचा, त्याला वॉश म्हणतात. जवळजवळ कोरड्या ब्रशने कडा उजळायच्या. हलवर वरून खाली गंजाचे ओघळ ओढायचे. हे जमलं की प्लॅस्टिक अचानक लोखंड वाटायला लागतं. माझा हात यात बरा आहे, आणि तिथेच घात झाला. मी ओढत गेलो. नांगराच्या भोकांखाली ओघळ, प्रत्येक खिडकीखाली ओघळ, वॉटरलाइनवर तपकिरी पट्टा. फोटो काढले. लोकांनी वाहवा केली.

आमच्याकडे एक निवृत्त इंजिनियर काका येतात. चाळीस वर्षं जहाजांची मॉडेलं करतायत. त्यांनी चष्मा वर केला, जहाजाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "तारीख कोणती?"

मला वाटलं, मॉडेल कधी पूर्ण झालं ते विचारतायत. म्हटलं, "काका, परवाच."

"तुझी नाही रे. जहाजाची."

मी गप्प. मग ते एवढंच म्हणाले, "हे जहाज पन्नास वर्षं बंदरात सडलेलं दिसतंय. ते तेवढं जगलं का?"

नाही जगलं. यामातो आरमारात दाखल झाली १६ डिसेंबर १९४१ ला आणि बुडाली ७ एप्रिल १९४५ ला. सव्वातीन वर्षं आणि वर थोडे दिवस. त्यातही बराच काळ ती नांगर टाकून उभी होती. प्रशांत महासागरातल्या त्रुक बेटांच्या तळावर ती इतकी मुक्कामाला असायची की इतर जहाजांवरचे खलाशी तिला 'हॉटेल यामातो' म्हणायचे. अडीच-तीन हजार माणसांचं मनुष्यबळ, रंगाचे डबे, आरमाराची शिस्त. असं जहाज मी भंगारात काढलं होतं. गंज हे लोखंडाचं म्हातारपण, आणि या जहाजाला म्हातारपण आलंच नाही.

मग मी पुस्तकं घेऊन बसलो, आणि मला कळलं की या जहाजाबद्दल काहीही ठरवणं किती अवघड आहे. त्यामागे इतिहास आहे.

१९२२ च्या वॉशिंग्टन कराराने युद्धनौकांचं वजन ३५,००० टनांपर्यंत आणि तोफेचं तोंड १६ इंचांपर्यंत मर्यादित केलं होतं. १९३६ च्या अखेरीस जपान या बंधनांतून बाहेर पडला. ४ नोव्हेंबर १९३७ ला कुरे इथल्या आरमारी गोदीत यामातोचा कणा घातला गेला. चीनवर जपानचं आक्रमण सुरू होऊन तेव्हा चार महिने झाले होते, हेही लक्षात असू द्या. तोफा नऊ, तोंड ४६ सेंटिमीटर, एका गोळ्याचं वजन १,४६० किलो, पल्ला ४२ किलोमीटर. एकेका बुरुजाचं वजन सुमारे अडीच हजार टन, म्हणजे त्या काळातल्या एखाद्या विनाशिकेपेक्षा जास्त!

आणि हे सगळं गुप्त. कागदोपत्री या तोफांना मुद्दाम '४० सेंटिमीटर' म्हटलं जायचं. गोदीवर छप्पर घातलं, आजूबाजूला आडोसे उभारले. तिची जोडीची नौका 'मुसाशी' नागासाकीला बांधली गेली, तिथे तर दोरांचे प्रचंड पडदे सोडले होते. युद्ध संपेपर्यंत बहुतेक सामान्य जपानी माणसांना यामातो हे नावही माहीत नव्हतं. ज्यांच्या पैशातून ती बांधली त्यांनाच ती दिसू दिली नाही.

ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागतीच्या वेळी जपानी सैन्याने आणि आरमाराने कागदपत्रांच्या होळ्या केल्या. आपल्याकडे इतिहास संशोधनात म्हणतात ना, कागद बोलतो. इथे कागदच जाळला. उरले मोजके फोटो. २० सप्टेंबर १९४१ चा कुरे बंदरातला, जहाज अजून पूर्ण व्हायचंय तेव्हाचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमधल्या चाचणीचे. आणि नंतरचे बरेचसे अमेरिकन विमानांतून काढलेले, म्हणजे तिला बुडवायला आलेल्यांनी काढलेले. सगळे काळे-पांढरे.

त्यामुळे यामातोचं मॉडेल हा एक दावाच असतो. रंगाचंच घ्या. जपानी आरमाराच्या गोद्यांचा राखाडी सारखा नव्हता. कुरेचा वेगळा, सासेबोचा वेगळा, माइझुरूचा वेगळा. आज दुकानात या गोद्यांच्या नावाने रंगाचे वेगवेगळे डबे मिळतात. किंवा जहाजाच्या नाकावरचं शेवंतीच्या फुलाचं राजचिन्ह घ्या. ते दीड मीटर व्यासाचं समजलं जायचं. समुद्रतळावर जाऊन पाहिल्यावर ते एक मीटरच्या आसपास निघालं. माझ्या मापात हा फरक दीड मिलिमीटरहून कमी. पण जुनं मॉडेल चुकलं ते चुकलंच.

या सगळ्यात काकांचा प्रश्न कामाला आला. तारीख ठरवली की निम्मी उत्तरं मिळतात. १९४१ ची यामातो करायची तर २५ मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफा फक्त २४. १९४५ ची करायची तर दीडशेच्या आसपास! मधल्या काळात दोन्ही बाजूंचे १५.५ सेंटिमीटर तोफांचे दोन बुरूज काढून टाकले आणि तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या. म्हणजे डेककडे नुसतं पाहिलं तरी युद्ध कसं बदललं ते कळतं. ४२ किलोमीटरवरच्या जहाजांशी लढायला बांधलेली नौका शेवटी आकाशाकडे तोंड करून बसली होती.

मी तारीख घेतली ६ एप्रिल १९४५.

त्या दुपारी यामातो तोकुयामाजवळून ओकिनावाकडे निघाली. सोबत 'यहागी' ही क्रूझर आणि आठ विनाशिका. डोक्यावर विमानांचं संरक्षण जवळपास नाही. बेत असा की ओकिनावाच्या किनाऱ्यावर जहाज चढवायचं आणि तोफखान्यासारखं लढत राहायचं. परत यायची अपेक्षा कुणालाच नव्हती. निघण्याआधी नुकतेच दाखल झालेले तरुण कॅडेट किनाऱ्यावर उतरवले गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास अमेरिकन विमानांचा हल्ला सुरू झाला. २ वाजून २३ मिनिटांनी यामातो उलटली, तिच्यात स्फोट झाला आणि ती बुडाली. जहाजावरच्या ३,३३२ माणसांपैकी ३,०५५ गेले. अमेरिकेची दहा विमानं आणि बारा वैमानिक-सैनिक गेले.

आता सांगा, असं जहाज मी कसं रंगवायचं?

आधी गंज उतरवला. नशीब, खाली व्हार्निशचा थर होता आणि तेलरंग ताजा होता. कान साफ करायच्या काड्या थिनरमध्ये बुडवून आठवडाभर रोज रात्री पुसत बसलो. मग विचार करून एकेक खूण परत ठेवली. नांगराच्या भोकाखाली पुसट तपकिरी, कारण साखळी तिथे खरोखर घासते आणि रंग टिकत नाही. वॉटरलाइनवर मिठाची फिकट रेघ. धुरांड्याच्या तोंडाशी काजळी. डेकच्या लाकडी फळ्या पिवळ्या नाहीत, उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने राखाडी पडलेल्या, आणि प्रत्येक फळीचा रंग शेजारणीपेक्षा किंचित वेगळा. बस्स. आता फोटोत ते जहाज पूर्वीइतकं उठून दिसत नाही. बघणारे विचारतात, "वेदरिंग बाकी आहे का?" मी म्हणतो, झालं.

या जहाजाची पुढची गोष्ट मला फार विलक्षण वाटते. त्यातून वाचलेला एक तरुण अधिकारी, योशिदा मित्सुरू, याने युद्ध संपल्यावर लगेच आठवणी लिहून काढल्या. अमेरिकन ताब्याच्या काळात त्या सेन्सॉरमध्ये अडकल्या आणि पूर्ण रूपात छापून आल्या १९५२ मध्ये. १९६० मध्ये शिझुओका शहरातल्या तामिया या लाकडी मॉडेल करणाऱ्या कंपनीने आपलं पहिलं प्लॅस्टिकचं किट काढलं. कोणतं? यामातोच, १:८०० मध्ये. आणि २००५ मध्ये कुरे शहरात संग्रहालय उघडलं, त्याच्या मधोमध यामातोचं १:१० प्रमाणातलं, २६.३ मीटर लांबीचं मॉडेल आहे. जे जहाज पडद्याआड बांधलं, ते पुढच्या पिढीतल्या मुलांनी घरोघरी टेबलावर उघड्यावर बांधलं. यात अभिमान किती, हळहळ किती, आणि ज्या देशांवर जपानने हे युद्ध लादलं त्यांचा विसर किती, हा वाद जपानमध्ये आजही संपलेला नाही. माझ्या टेबलावरही संपलेला नाही. मला हे जहाज सुंदर वाटतं आणि ते ज्या कामासाठी बांधलं ते काम भयंकर होतं, हे दोन्ही माहीत असताना मी ते रंगवतोय.

तर तो तांदळाचा दाणा. किटबरोबर पितळी माणसांचा एक पत्रा वेगळा घेतला होता. कापायचं, हातपाय वाकवायचे, रंगवायचं, चिकटवायचं. एका माणसाला साधारण पाच मिनिटं. एका रात्री सहज हिशोब केला. ३,३३२ माणसं, पाच मिनिटांप्रमाणे २७७ तास. रोज दोन तास बसलो तर साडेचार महिने. नुसती माणसं लावायला! आणि ती सगळी डेकवर मावतीलही, पण त्यांतले कितीतरी त्या दिवशी डेकवर नव्हतेच. ते खाली होते, बॉयलरपाशी, दारूगोळ्याच्या कोठारात, जिथून वर यायला वेळ मिळाला नाही. मॉडेलमध्ये तिथे काहीच नसतं. हल आतून पोकळ असतो.

मी एकोणीस माणसं लावली आणि थांबलो. का एकोणीस, याला कारण नाही. त्या रात्री तेवढीच झाली. सगळी मागच्या डेकवर आहेत, कठड्यापाशी. आणि हो, दरवाजाशी लावून पाहिलं. सगळे आत जाऊ शकतात.

खरी यामातो आज क्यूशूच्या नैऋत्येला सुमारे ३५० मीटर खोल, दोन तुकडे होऊन पडली आहे. १९८५ मध्ये तिची ओळख पक्की झाली. गंज तिथे आहे, आणि रोज थोडा वाढतोय. तो माझ्या तारखेनंतरचा, म्हणून माझ्या मॉडेलवर नाही.

तुमच्याकडे एखादं अर्धवट किट माळ्यावर पडलं असेल तर खाली काढा. आणि रंगाचा डबा उघडण्याआधी एकदा विचारा, तारीख कोणती? कॉम्प्रेसर बंद करतो आता, घरच्यांना टेबल परत द्यायचंय. भेटू पुढच्या भागात.